‘हो’, ‘नाही’ आणि रिकामा रकाना : शिबिरांच्या नोंदी डेटाबेसमध्ये नेतानाची कार्यनोंद

६ जानेवारी २०२५, सोमवार

आमच्या संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरांच्या नोंदी आजवर निरनिराळ्या एक्सेल फाइलींत विखुरलेल्या होत्या. त्या सगळ्या एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणण्याचे काम आज सुरू केले. नाव, वय आणि गाव यांखेरीज प्रत्येक नोंदीत चार रकाने असे आहेत की ज्यांत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर अपेक्षित आहे : मधुमेह आहे का, मोतीबिंदू आढळला का, पुन्हा तपासणीस बोलवायचे का, आणि फोनवर संपर्क केलेला चालेल का. फाइलींत ही उत्तरे अक्षरांत लिहिलेली आहेत. डेटाबेसमध्ये ती बुलियन, म्हणजे खरे किंवा खोटे यांपैकी एक, अशी असायला हवीत.

या कामासाठी पूर्वीच्या एका कार्यकर्त्याने पायथनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट हाताशी होती. ती नव्या संगणकावर पहिल्याच ओळीला थांबली, कारण तिने डिस्टयूटिल्स या मॉड्यूलमधील स्ट्रटूबूल हे फंक्शन वापरले होते आणि पायथनच्या ३.१२ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२३मध्ये, ते मॉड्यूलच काढून टाकले गेले. ३.१० आवृत्तीपासून तशी पूर्वसूचना मिळत होती. आम्ही जुन्या आवृत्तीवरच राहिलो, म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचली नाही. ते फंक्शन छोटे पण प्रामाणिक होते. इंग्रजीतील वाय, येस, टी, ट्रू, ऑन आणि अंक एक यांना ते होकार मानी; एन, नो, एफ, फॉल्स, ऑफ आणि शून्य यांना नकार मानी; आणि यांव्यतिरिक्त काहीही आले तर व्हॅल्यू एरर देऊन थांबे. एक विचित्र गोष्ट म्हणजे नावात ‘बूल’ असूनही ते खरे-खोटे परत न देता १ आणि ० हे आकडे परत देई.

संध्याकाळपर्यंत यादी हवी होती, म्हणून त्या फंक्शनच्या जागी मी पायथनचे अंगभूत बूल लावले. स्क्रिप्ट एकही तक्रार न करता शेवटपर्यंत चालली आणि फोन करायच्या लोकांची यादी मी छापून दिली.

७ जानेवारी

नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनी यादी वरवर चाळली आणि लगेच विचारले, “दादा, या बाईंनी फोन करायचा नाही असं मला बजावून सांगितलं होतं. त्या या यादीत कशा?” फाइल उघडून पाहिली. त्या बाईंच्या नावापुढे स्पष्ट ‘नो’ लिहिलेले होते. त्यांच्या वरच्या आणि खालच्या ओळींतही ‘नो’ होते आणि ती माणसेही यादीत आली होती. ताईंनी यादी वाचली नसती, तर आज दुपारपासून नकार दिलेल्या प्रत्येक घरी फोन गेला असता.

चूक माझी आहे आणि ती कशी झाली हे नीट लिहून ठेवतो, कारण ही चूक दिसत नाही. बूल हे फंक्शन मजकूर वाचतच नाही. ते फक्त एवढेच पाहते की मजकुरात काही आहे की तो रिकामा आहे. ‘फॉल्स’ या शब्दात पाच रोमन अक्षरे आहेत, म्हणजे तो रिकामा नाही, म्हणून त्याचे उत्तर ‘खरे’. ‘नो’, ‘नाही’, ‘शून्य’, इतकेच काय, एक मोकळी जागा एवढाच मजकूर असला तरी उत्तर ‘खरे’च. आमच्या फाइलींत ‘खोटे’ ठरले ते फक्त रिकामे रकाने. ज्यांनी स्पष्ट नकार दिला ते होकारात गेले आणि ज्यांना कोणी विचारलेच नव्हते ते नकारात गेले.

कोष्टके हाताळण्याचे पायथनचे साधन पांडाज वापरून पाहिले, तर तेथे आणखी एक पायरी चुकते. ते रिकामा रकाना ‘नॅन’ या विशेष संख्येत बदलते, आणि नॅन शून्य नसल्यामुळे पायथनच्या लेखी तीही ‘खरे’ ठरते. म्हणजे त्या वाटेने गेलो असतो तर एकही नकार उरला नसता. याच स्क्रिप्टमध्ये आज्ञा देताना ‘तालीम’ असा एक पर्याय आहे, ज्याने डेटाबेसला हात न लावता नुसती चाचणी होते. तेथेही आज्ञेतील पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्स या मॉड्यूलला प्रकार म्हणून बूलच दिलेले होते. त्यामुळे त्यापुढे ‘फॉल्स’ लिहिले तरी ते ‘खरे’च मानले जात होते. ३.९ आवृत्तीपासून अशा पर्यायांसाठी वेगळी सोय आहे, ती आज लावली.

९ जानेवारी

दोन दिवस हीच गोष्ट डोक्यात होती, म्हणून इतर भाषा काय करतात ते तपासले. शिबिराच्या ठिकाणी वापरायचे ॲप जावात आहे आणि यादी दाखवणारे पान जावास्क्रिप्टमध्ये, त्यामुळे हे काम अवांतर म्हणता येणार नाही.

जावास्क्रिप्टची चूक पायथनसारखीच आहे : ‘फॉल्स’ या मजकुरावर बुलियन चालवले तर खरे. जावाची चाल अगदी उलट आहे. तिचे पार्सबुलियन फक्त ‘ट्रू’ हा एकच शब्द, लहान-मोठ्या कोणत्याही लिपीत, होकार मानते आणि बाकी जगातील सगळे शब्द मुकाट्याने नकारात टाकते. ‘येस’ खोटे, ‘एक’ खोटे, ‘हो’ खोटे, आणि टंकनात एक अक्षर चुकलेला ‘ट्रू’सुद्धा खोटा. एका अर्थी संमतीच्या रकान्यासाठी हे कमी धोक्याचे, कारण चुकून फोन जाणार नाही; पण मधुमेहाच्या रकान्यासाठी हीच गोष्ट अधिक धोक्याची, कारण मधुमेह असलेला माणूस निरोगी म्हणून नोंदला जाईल. चुकीची कोणती बाजू सुरक्षित हे रकान्यावर अवलंबून असते, आणि ते भाषेच्या रचनाकाराला आधी ठाऊक असणे शक्यच नाही.

शून्य या एका अक्षराचाच प्रवास पाहण्यासारखा आहे. तो मजकूर म्हणून आला तर पीएचपी आणि पर्लमध्ये खोटा, जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये खरा. पण ‘शून्य पूर्णांक शून्य’ असा लिहिला की पीएचपी आणि पर्लमध्येही खरा. रुबीत तर मजकूर सोडाच, शून्य ही संख्यासुद्धा खरी असते, कारण तेथे ‘निल’ आणि ‘फॉल्स’ या दोनच गोष्टी खोट्या आहेत.

मला पटली ती गो आणि रस्ट या भाषांची रीत. रस्ट फक्त ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’, तेही लहान लिपीत, स्वीकारते. गो थोडी सैल आहे : एक, शून्य, टी, एफ आणि पूर्ण शब्दाची तीन ठरलेली रूपे तिला चालतात. पण अनोळखी शब्द आला की दोघीही एरर परत देतात आणि पुढे काय करायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते. काढून टाकलेले स्ट्रटूबूलही हेच करीत होते. ते मी फक्त शब्द बदलण्याचे साधन समजलो. खरे तर त्याचे मोठे काम थांबणे हे होते.

१३ जानेवारी

आज सगळ्या फाइलींतील त्या चार रकान्यांत प्रत्यक्ष काय काय लिहिले आहे, ते वेगळे काढून मोजले. रूपांतराचा कोणताही नियम लिहिण्याआधी ही यादी करायला हवी होती.

होकारासाठी ‘हो’, ‘होय’, ‘आहे’, ‘हां’, ‘चालेल’, ‘येस’, ‘वाय’, इंग्रजी एक, देवनागरी १ आणि बरोबरची खूण सापडली. नकारासाठी ‘नाही’, ‘नाहि’, ‘नाय’, ‘नको’, ‘नो’, ‘एन’, शून्य, फुली आणि आडवी रेघ. त्याखेरीज ‘निरंक’, ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’, ‘पूर्वी होता’, ‘घरी विचारून सांगतो’ आणि बऱ्याच ठिकाणी ‘बघू’.

काही गोष्टी अक्षरांच्या पातळीवरच्या निघाल्या. काही ‘हो’ बाहेरून अगदी ‘हो’च दिसत होते, पण तुलना केली की जुळत नव्हते. लांबी मोजली तर दोनऐवजी तीन आली. शब्दाच्या शेवटी शून्य रुंदीची जागा चिकटलेली होती, बहुधा दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर उचलून चिकटवताना आलेली. पायथनचे स्ट्रिप साधी मोकळी जागा आणि न तुटणारी जागा काढते, परंतु हे शून्य रुंदीचे अक्षर यूनिकोडच्या लेखी मोकळी जागा नसल्यामुळे ते तसेच राहते. ते नाव घेऊन वेगळे काढावे लागते. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलींच्या अगदी सुरुवातीलाही असेच एक न दिसणारे चिन्ह असते, आणि त्यामुळे पहिल्या रकान्याचे शीर्षक ओळखू येत नव्हते. लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न मात्र फक्त रोमन शब्दांपुरता आहे. देवनागरीला तो नाहीच.

सगळ्यांत जुन्या फाइलींत ‘यू, के, जी, एच’ ही चार रोमन अक्षरे ओळीने असलेला एक शब्द वारंवार आला होता, आणि ‘जी, के, एस’ असा दुसरा. अर्धा तास मी त्यांना कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे समजत होतो. मग ती फाइल ज्या फाँटमध्ये होती त्याकडे लक्ष गेले : कृती देव ०१०. हा यूनिकोडपूर्व फाँट आहे. त्यात रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे पडद्यावर मराठी दिसते आणि फाइलीत मात्र रोमन अक्षरे साठतात. यू म्हणजे न, के म्हणजे काना, जी म्हणजे ह, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. तो शब्द ‘नाही’ होता, आणि दुसरा ‘हो’. स्क्रिप्टसाठी फाइल सीएसव्ही, म्हणजे निव्वळ मजकुराच्या, रूपात न्यावी लागते आणि सीएसव्हीत फाँटची माहिती उरत नाही, म्हणून तेथे पोहोचेपर्यंत ‘नाही’चा अर्थच पुसला गेला होता. एका फाइलीत तर काहीच लिहिलेले नव्हते. होकाराचे रकाने हिरव्या रंगाने भरलेले होते. सीएसव्हीत रंगही जात नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी लिहितो. काही ओळींत ‘वरीलप्रमाणे’ लिहिले आहे, काहींत नुसती वरच्यासारखेच दाखवणारी दोन टिंबे-रेघांची खूण. कागदाच्या रजिस्टरवर ही पद्धत सोयीची आणि बिनचूक असते, कारण तेथे वरची ओळ कायम वरच राहते. पण ही फाइल नंतर कोणीतरी गावांच्या नावांप्रमाणे वर्णानुक्रमे लावली आहे. आता त्या खुणांच्या वर कोणती ओळ आहे याला काही अर्थ उरलेला नाही.

१५ जानेवारी

नियम ठरवण्यासाठी ताईंबरोबर बसलो. मी आधी प्रत्येक शब्द होकारात किंवा नकारात बसवण्याचा प्रयत्न केला होता, त्यातील निम्मे निर्णय त्यांनी बदलले.

‘निरंक’ मी नकारात टाकले होते. त्या म्हणाल्या की मधुमेहाच्या रकान्यात ‘निरंक’ म्हणजे विचारले आणि आजार नाही; परंतु फोनच्या रकान्यात ‘निरंक’ म्हणजे त्या माणसाकडे फोनच नाही, म्हणून चालेल की नाही हा प्रश्न विचारलाच गेला नाही. एकच शब्द, दोन रकान्यांत दोन अर्थ. ‘बघू’बद्दल मी विचारले, तर त्यांचे उत्तर होते, “बघू म्हणजे नाही असंच बरेचदा असतं, पण ते आपण ठरवायचं नाही. त्यांना परत विचारायचं.” आडवी रेघही काही जण ‘नाही’ म्हणून ओढतात आणि काही जण पुढच्या रकान्याकडे लवकर जाण्यासाठी, ती कोणत्या शिबिरात कोणी लिहिली यावरून ताई ओळखतात, स्क्रिप्ट ओळखू शकत नाही.

एका जुन्या फाइलीत रकान्याचे शीर्षकच ‘फोनला हरकत नाही’ असे आहे आणि त्याखाली ‘नाही’ ही उत्तरे आहेत. ‘हरकत नाही’ या विधानाला नकार, की ‘हरकत नाही’ हेच थोडक्यात लिहिलेले? मराठीत दोन्ही वाचने सारखीच स्वाभाविक आहेत. त्या फाइलीतील हा पूर्ण रकाना आम्ही अनिश्चित मानला, आणि नव्या डेटाबेसमध्ये शीर्षकात नकार असलेला एकही रकाना ठेवायचा नाही असे ठरवले.

फंक्शन आता असे आहे. ते मजकुराबरोबर रकान्याचे नावही घेते. आधी न दिसणारी अक्षरे आणि कडेच्या जागा काढते, रोमन अक्षरे लहान करते, मग त्या रकान्याच्या कोष्टकात शब्द शोधते. परत देण्याच्या गोष्टी तीन : खरे, खोटे आणि अज्ञात. कोष्टकात नसलेला शब्द आला तर फाइलीचे नाव, ओळीचा क्रमांक आणि मूळ मजकूर सांगून ते थांबते. ‘अज्ञात’ आणि ‘अनोळखी’ या दोन गोष्टी मी जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘माहीत नाही’ हे माणसाने दिलेले उत्तर आहे. कोष्टकात नसलेला शब्द हे माझे अपुरे काम आहे. मूळ मजकूरही प्रत्येक नोंदीशेजारी जसाच्या तसा साठवायचा, म्हणजे उद्या निर्णय चुकीचा वाटला तर मागे जाता येईल.

१७ जानेवारी

शब्दांचे कोष्टक ताईंना वाचता यावे म्हणून ते यॅमल या साध्या मजकुराच्या मांडणीतील फाइलीत लिहिले. होकाराखाली जेवढे शब्द लिहिले होते, त्यापेक्षा कमी शब्द प्रोग्रामच्या संचात दिसू लागले, आणि ‘येस’ हा शब्द अनोळखी म्हणून स्क्रिप्ट थांबली.

कारण शोधल्यावर काही वेळ नुसता पडद्याकडे पाहत राहिलो. पायथनमध्ये यॅमल वाचणारे पाययॅमल हे यॅमलच्या १.१ या जुन्या आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्या नियमांनुसार अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे शब्द राहतच नाहीत. ते वाचतानाच खरे-खोटे होऊन जातात. मजकुराचे बुलियन कसे करायचे हे सांगणारी माझी फाइल स्वतःच परस्पर बुलियन झाली होती. वर, पायथनमध्ये ‘खरे’ आणि संख्या एक या समान मानल्या जात असल्यामुळे संचात ‘येस’, ‘ट्रू’, ‘ऑन’ आणि ‘एक’ हे चारही मिळून एकच घटक उरला. नॉर्वेचा दोन अक्षरी देशसंकेत ‘एन ओ’ असल्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी ‘खोटे’ येते, हे उदाहरण प्रोग्रामरांमध्ये प्रसिद्ध आहे आणि ते मला माहीतही होते. तरी स्वतःच्या फाइलीत ते ओळखू आले नाही. २००९च्या १.२ आवृत्तीने मूळ नियमांतून हे शब्द काढले, परंतु यॅमल वाचणारे जुने प्रोग्राम आजही सर्रास वापरात आहेत. ‘हो’ आणि ‘नाही’ मात्र सुखरूप राहिले, कारण यॅमलला मराठी येत नाही.

कोष्टक आता सीएसव्हीत आहे, जेथे प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच वाचली जाते.

२१ जानेवारी

पोस्टग्रेसमध्ये भरणी केली. पोस्टग्रेस स्वतःही मजकुरापासून बुलियन करते आणि त्यात बरीच उदार आहे : ‘येस’, ‘ऑन’, ‘एक’ चालतातच, शिवाय ‘टी आर यू’ असा अर्धवट शब्दही चालतो. पण नुसते ‘ओ’ चालत नाही, कारण ते ‘ऑन’चेही पहिले अक्षर आहे आणि ‘ऑफ’चेही. हा बारकावा मला फार आवडला : संदिग्ध असेल तेथे अंदाज करायचा नाही. तरीही रूपांतर मी डेटाबेसवर सोपवलेले नाही, कारण ‘हो’ला ती नाकारते आणि रकान्यानुसार बदलणारे अर्थ तिला सांगता येत नाहीत.

अज्ञात उत्तरे नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ या खुणेने, साठवली, आणि मग प्रश्न लिहिताना पुन्हा सावध व्हावे लागले. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, नलचा नकार नलच असतो. म्हणून ‘ज्यांची संमती नाही असे लोक’ असे सरळ विचारले, तर अज्ञात असलेले लोक यादीत येत नाहीत. ‘ज्यांची संमती आहे’ असे विचारले तरी येत नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण नोंदींइतकी होत नाही आणि मधली माणसे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. आता तीन स्वतंत्र याद्या तयार होतात. फोन फक्त स्पष्ट ‘खरे’ असलेल्यांना, आणि नल असलेल्यांची यादी ताईंकडे, पुन्हा विचारण्यासाठी. तीन याद्यांची बेरीज एकूण नोंदींएवढी आहे का हे स्क्रिप्ट दर वेळी तपासते.

२४ जानेवारी

पुढच्या शिबिरांसाठी नोंदणीचा वेब फॉर्म. पहिल्या मसुद्यात संमतीसाठी एक चौकोन होता. चौकोनात खूण केली तर ब्राउझर ‘ऑन’ हा मजकूर पाठवतो. केली नाही तर त्या रकान्याचे नावसुद्धा पाठवत नाही. म्हणजे ‘नाही’ म्हणणारा आणि विचारायचा राहून गेलेला, दोघे पुन्हा एक झाले असते. चौकोन काढून ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन गोल बटणे दिली, आधीपासून कोणतेही निवडलेले नाही, आणि निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तिसरे बटण ‘विचारले, उत्तर नाही’ हे ताईंच्या सांगण्यावरून.

३ फेब्रुवारी

‘वरीलप्रमाणे’च्या ओळी राहिल्या होत्या. त्या शिबिरांची कागदी रजिस्टरे कपाटात मिळाली. ताई नाव वाचत गेल्या आणि मी उत्तरे भरत गेलो. बहुतेक ओळींचे मूळ उत्तर वर सरळ दिसत होते. एका पानाची मात्र पहिलीच ओळ ‘वरीलप्रमाणे’ अशी आहे. ती मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीला उद्देशून आहे आणि ते पान रजिस्टरात नाही. शिवणीत फाटलेल्या कागदाची पट्टी तेवढी उरली आहे.

त्या ओळीतील आजोबांचे चारही रकाने नल ठेवले आहेत. मोतीबिंदूचा रकानाही त्यांत आहे, म्हणून ताई गुरुवारी त्यांच्या गावच्या बाजाराला जाणार आहेत, तेव्हा घरी जाऊन विचारतील. ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द कोष्टकात मुद्दाम घातलेला नाही. पुन्हा कधी तो फाइलीत आला, तर स्क्रिप्टने तेथे थांबावे यासाठी एक टेस्ट आज लिहिली आणि ती उत्तीर्ण झाली.